उघड्यावरील गॅसशेगडी व गॅसशेकोटी : प्रज्वलनातील दोषांची कारणमीमांसा (संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात उघड्यावरचा अग्नी हा लोकजीवनाचा एक नित्याचा भाग राहिलेला आहे. थंडीच्या दिवसांत गावाच्या पारावर पऱ्हाट्या व तुराट्यांची शेकोटी पेटते. भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीस चतुर्थीला येणारी गर्दी असो किंवा घनसावंगी तालुक्यातील जांब येथे, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, चैत्रात होणारा रामनवमीचा उत्सव असो, अशा प्रसंगांच्या निमित्ताने अन्नदानाची परंपराही या भूमीत रुजलेली आहे. लग्नाच्या पंगती व भंडारे यांचा स्वयंपाक पूर्वी जमिनीत खोदलेल्या चुलांगणावर होत असे. अलीकडच्या दशकांत त्याच्या जोडीला, पुष्कळदा त्याच्या जागी, द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालणारी मोठी भट्टी आली. हॉटेले व मंगल कार्यालये यांच्या हिरवळीवर मांडली जाणारी गॅसशेकोटी ही याच कुळातील उपकरण होय.

हे साधन सोयीचे असले तरी ऐनवेळी न पेटणे हा त्याचा ठळक दोष आहे. शेकडो माणसांची पंगत खोळंबली असताना आचारी काडीवर काडी ओढतो, कोणी सिलिंडर हलवतो, कोणी नॉब पूर्ण उघडून पाहतो. या घाईत जे घडते ते केवळ गैरसोयीचे नसते. न पेटलेला वायू तोवर जमिनीलगत साचत राहतो आणि शेवटची काडी त्या सर्व वायूला एकदम पेटवते. म्हणून शेगडी का पेटत नाही या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने न शोधता क्रमाने शोधणे आवश्यक ठरते. या क्रमामागील भौतिक व रासायनिक तत्त्वे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्वलनाची अट :

हवेत या वायूचे प्रमाण साधारणतः २ टक्क्यांहून कमी असेल तर मिश्रण पेटत नाही आणि ९ ते १० टक्क्यांहून अधिक असेल तरीही पेटत नाही. या दोन मर्यादांच्या आतच ज्वलन संभवते. पूर्ण ज्वलनासाठी एक घनफळ प्रोपेनला सुमारे २४ घनफळे, तर एक घनफळ ब्युटेनला सुमारे ३१ घनफळे हवा लागते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. शेगडी न पेटण्याचे कारण वायूचा अभाव हे जसे असू शकते, तसे वायूचा अतिरेक हेही असू शकते. नॉब अधिक उघडला म्हणजे शेगडी पेटण्याची शक्यता वाढते, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

निदानाच्या दृष्टीने चार अवस्था वेगळ्या कराव्या लागतात. वायू बर्नरपर्यंत येतच नाही. वायू येतो, पण ठिणगी पडत नाही. दोन्ही असूनही ज्योत धरत नाही. आणि ज्योत धरते, पण हात काढताच विझते. या चारही अवस्थांत बाहेरून दिसणारे लक्षण 'शेगडी चालत नाही' हे एकच असते, मात्र कारणे परस्परांपासून फार दूरची असतात. नेहमी आढळणारी चूक म्हणजे चौथ्या अवस्थेतील दोषावर पहिल्या अवस्थेचा उपाय करणे, अर्थात चांगले सिलिंडर बदलून पाहणे.

सिलिंडरातील थंडावा :

वायू न येण्याची साधी कारणे प्रथम पाहावीत. सिलिंडर रिकामे असणे, रेग्युलेटर नीट न बसणे, व्हॉल्व्हमधील रबरी रिंग निघालेली असणे, पाइप कोठेतरी दुमडणे किंवा जड भांड्याखाली दबणे ही ती कारणे होत. काही रेग्युलेटरांत वायूचा ओघ अकस्मात वाढल्यास मार्ग आपोआप बंद करणारी योजना असते. नॉब झटक्याने पूर्ण उघडल्यास ती पाइप फुटला असे समजून वायू रोखते. अशा वेळी सर्व नॉब बंद करून रेग्युलेटर पुन्हा बसवावा व सावकाश उघडावा, एवढेच पुरते.

याहून सूक्ष्म असे एक कारण आहे व हिवाळ्यातील अनेक तक्रारींचे मूळ त्यात सापडते. सिलिंडरात वायू द्रवरूपात असतो आणि बाहेर पडण्यासाठी त्याचे बाष्प व्हावे लागते. या बाष्पीभवनासाठी दर किलोग्रॅममागे ३५० ते ४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती उष्णता द्रवातून, सिलिंडरच्या पोलादातून व भोवतालच्या हवेतून घेतली जाते. घरातील लहान शेगडीचा वापर मंद असल्याने हवेतून येणारी उष्णता पुरेशी ठरते. मात्र तासाला २ किलोग्रॅम वायू जाळणारी भट्टी असेल तर उष्णतेची मागणी सुमारे २०० वॅट होते. डिसेंबरच्या पहाटे, पारा दहा अंशांच्या आसपास असताना, उघड्या रानातील सिलिंडरास ती मिळत नाही. परिणामी सिलिंडर थंड पडत जाते, त्यावर दव धरते, क्वचित पांढरे हिमही दिसते.

यात आणखी एक भर पडते. हा वायू प्रामुख्याने प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण आहे. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस, तर ब्युटेनचा उणे अर्धा अंश इतका आहे. अधिक बाष्पशील असलेले प्रोपेन तुलनेने आधी निघून जाते आणि सिलिंडर संपत येते तेव्हा तळाशी ब्युटेनचे प्रमाण वाढलेले असते. १० अंश तापमानाला शुद्ध प्रोपेनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहापट असतो, ब्युटेनचा मात्र जेमतेम दीडपट. शिवाय द्रव कमी उरला की उष्णता साठवणारे वस्तुमानही घटते. १९ किलोग्रॅमच्या व्यावसायिक सिलिंडरात १५ किलोग्रॅम द्रव असताना आणि ४ किलोग्रॅम उरला असताना, पोलादाची टाकी हिशेबात धरून व बाहेरून येणारी उष्णता वगळून गणित केले, तर दुसऱ्या स्थितीत थंड होण्याची गती सुमारे अडीच पट निघते. पहाटे जोमाने चाललेली भट्टी दोन तासांनी मंदावते आणि विझवल्यावर पुन्हा धरत नाही, तरी सिलिंडर उचलून पाहिले तर आत द्रव हिंदकळतो. 'सिलिंडर अर्धवट भरून आले' हा आरोप अशा वेळी हमखास होतो. तो प्रत्येक वेळी खोटा असतो असे नाही, परंतु वजनकाटा लावल्याशिवाय तो करू नये.

यावर प्रचलित असलेला उपाय म्हणजे सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणे किंवा आडवे करणे. काही ठिकाणी जळते निखारेही जवळ सरकवले जातात. हे सर्व प्रकार घातक आहेत. आडव्या सिलिंडरातून बाष्पाऐवजी द्रव बाहेर येतो आणि एका घनफळ द्रवाचे अडीचशेच्या आसपास घनफळे बाष्प होते. रेग्युलेटर व बर्नर यांपैकी कोणतेही साधन त्यासाठी बनवलेले नसते. शास्त्रशुद्ध उपाय एकच, बाष्पीभवनाचा भार वाटून देणे. योग्य जोडणीच्या साहाय्याने दोन किंवा तीन सिलिंडरे समांतर जोडली म्हणजे प्रत्येकावरील मागणी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. घरगुती १४.२ किलोग्रॅमचे सिलिंडर भट्टीस लावणे २००० सालच्या वितरण-नियंत्रण आदेशानुसार निषिद्ध आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लहान टाकीचा पृष्ठभाग कमी असल्याने ते याच कारणास्तव लवकर गारठते.

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे शेगडी पेटत नाही, असे स्पष्टीकरण कधीकधी ऐकू येते. या उंचीवर हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. प्रज्वलन रोखण्याइतका हा फरक नाही, म्हणून हे कारण सोडून द्यावे.

पाइपातील हवा :

गॅसशेकोटीत मुख्य बर्नराशेजारी एक लहान मार्गदर्शक ज्योत असते. सिलिंडर बदलल्यानंतर ती लवकर पेटत नाही, ही सार्वत्रिक तक्रार आहे. तिचे उत्तर साध्या गणितात मिळते. ८ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या १० मीटर लांब पाइपात सुमारे अर्धा लिटर हवा मावते. ३०० वॅट क्षमतेच्या मार्गदर्शक ज्योतीतून सेकंदाला तीन घनसेंटिमीटरही वायू जात नाही. म्हणजे पाइपातील हवा बाहेर जाऊन वायू टोकाला पोहोचण्यास तीन मिनिटे लागणार. पहिल्या दहा-वीस सेकंदांत ज्योत धरली नाही म्हणून उपकरण बिघडले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. येथे संयम हीच दुरुस्ती होय.

कोळी, कुंभारीण आणि धूळ :

बर्नरची रचना १८५५ च्या सुमारास रॉबर्ट बुन्सेन यांनी प्रचारात आणलेल्या ज्वालकाच्या तत्त्वावर आधारलेली असते. नोझलच्या बारीक छिद्रातून वायू वेगाने सुटतो, त्या वेगामुळे बाजूच्या खिडकीतून हवा आत ओढली जाते, नळीत दोहोंचे मिश्रण होते आणि ते बर्नरच्या छिद्रांतून बाहेर पडून जळते. या मार्गात कोठेही अडथळा आला की प्रमाण बिघडते.

घरातील शेगडीत हा अडथळा दूध वा वरण उतू जाण्याने येतो. उघड्यावरच्या उपकरणात तो जिवंत प्राणी आणतात. लग्नसराई संपली की भट्ट्या कोठीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी नळीच्या तोंडाशी चिखल लिंपते आणि कोळी आत जाळे विणतो. कोळ्याचे जाळे इतके विरळ असते की नळीत डोकावूनही दिसत नाही, पण हवेचा मंद प्रवाह अडवण्यास ते पुरेसे होते. या कीटकपीडेची नोंद औद्योगिक जगतालाही घ्यावी लागली आहे. २०११ साली माझदा या मोटारकंपनीने अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या, त्याचे कारण इंधनप्रणालीच्या हवानळीत कोळ्यांनी केलेली जाळी हे होते.

अडथळा कोठे आहे हे ज्योतीवरून ओळखता येते. नोझल अंशतः बुजले असेल तर ज्योत लहान, क्षीण व निळीच राहते, किंवा मुळीच धरत नाही. मिश्रणनळी बुजली असेल तर वायू येतो, पण हवा येत नाही. मग ज्योत पिवळी, लांब व काजळी सोडणारी होते, भांड्याचे बूड काळे पडते, कधी हवेच्या खिडकीतूनच ज्वाळा बाहेर येते. हा शेवटचा प्रकार दिसताच सिलिंडर बंद करावे, कारण त्या जागी रबरी पाइप जवळ असतो. नळी साफ करण्यासाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो. नोझलच्या छिद्रात मात्र टाचणी किंवा तार घालू नये. पितळ मऊ असते. छिद्राचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तरी क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर वायूचा ओघ, एकवीस टक्क्यांनी वाढतो. आज सुटलेला प्रश्न उद्या काजळीच्या रूपाने परत येतो.

ठिणगी :

दाबावर चालणाऱ्या लायटरचे मूळ झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधलेल्या दाबविद्युत परिणामात आहे. हातोडीच्या आघाताने स्फटिकात हजारो व्होल्ट निर्माण होतात. कोरड्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडण्यास सुमारे ३००० व्होल्ट लागतात, त्यामुळे ३ ते ४ मिलिमीटर फटीसाठी दहा-बारा हजार व्होल्टचे बळ हवे. फट वाढली, टोकावर काजळी बसली किंवा चिनीमातीच्या आवरणास बारीक तडा गेला, तर वीज जवळचा मार्ग पत्करते आणि ठिणगी बर्नरजवळ न पडता चौकटीत कोठेतरी पडते. 'टक' असा आवाज ऐकू येतो म्हणून ठिणगी योग्य जागी पडते असे मानू नये. वायू पूर्ण बंद ठेवून अंधारात बटण दाबून पाहिले की सत्य लगेच दिसते. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात आधी सेल बदलावा. तो उपाय इतका क्षुल्लक वाटतो की तो शेवटी सुचतो.

पेटून विझणे :

चौथी अवस्था सर्वाधिक गोंधळात टाकणारी आहे. नॉब दाबून धरला असता ज्योत उत्तम जळते, सोडताच विझते. येथे वायू, हवा व ठिणगी तिन्ही निर्दोष असतात. दोष असतो तो ज्योतीवर पहारा करणाऱ्या तापयुग्मात. दोन भिन्न धातूंच्या जोडास उष्णता दिली असता विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे झेबेक यांनी १८२१ साली दाखवून दिले. शेकोटीतील तापयुग्म ज्योतीत तापून वीस-तीस मिलिव्होल्ट इतका दाब देते आणि त्यावर एक लहान विद्युत्‌चुंबक झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की दाब नाहीसा होतो व झडप मिटते. उघड्यावर वाऱ्याने ज्योत विझली तरी वायू वाहत राहू नये म्हणून ही योजना आहे.

तापयुग्माचे टोक काजळले असेल, ते ज्योतीपासून सरकले असेल किंवा दुसऱ्या टोकाचा स्क्रू सैल असेल तर दाब अपुरा पडतो. पावसाळ्यानंतर या सांध्यावर गंज धरतो आणि काही मिलिव्होल्टचा व्यवहार असल्याने तेवढा रोधही पुरेसा होतो. बारीक पॉलिशकागदाने टोक व सांधा घासणे, हाताने आवळून किंचित पाना फिरवणे आणि नॉब अर्धा मिनिट दाबून धरणे, एवढ्याने बहुतेक शेकोट्या सुरू होतात. काही कारागीर कंटाळून ही झडप कायमची उघडी बांधून देतात. ग्राहक खूश होतो, पण उपकरणातील एकमेव पहारेकरी काढून टाकलेला असतो. असे काम कोणत्याही सबबीवर करू देऊ नये.

सर्व काही ठीक असूनही वारा हा घटक उरतो. या वायूच्या मिश्रणात ज्योत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. ताशी अवघ्या ७ किलोमीटर वेगाची झुळूक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन मीटर, ज्योतीच्या पाचपट. चैत्र-वैशाखातील दुपारी वाऱ्याची गती याहून कितीतरी अधिक असते. रामनवमीच्या सुमारास सिलिंडर गारठण्याचा प्रश्न नसतो, तेव्हा वारा हेच पहिले संशयित कारण मानावे. भट्टीस तीन बाजूंनी पत्र्यांचा आडोसा करण्याची पद्धत योग्य आहे, मात्र पत्रे जमिनीपासून वीतभर वर असावेत आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेर असावे.

साचलेला वायू :

पत्रे वर का उचलायचे, याचे उत्तर वायूच्या वजनात आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट व ब्युटेन दुप्पट जड असते. सुटलेला वायू वर न जाता पाण्यासारखा सखल भागाकडे वाहतो. तासाला २ किलोग्रॅम क्षमतेची भट्टी न पेटता अर्धा मिनिट उघडी राहिली तर सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे साडेसात लिटर बाष्प बाहेर पडते. हवेत दोन टक्के या प्रमाणात मिसळले की त्यापासून पावणेचारशे लिटर ज्वालाग्राही मिश्रण तयार होते, जवळजवळ दोन पिंपे भरतील इतके. 'भप्‌' असा आवाज होऊन आचाऱ्याच्या भुवया व हात भाजतात ते या मिश्रणामुळे.

जुन्या चुलांगणाच्या खड्ड्यातच गॅसची भट्टी बसवण्याची रीत या दृष्टीने सर्वांत धोक्याची आहे. लाकडाच्या जाळासाठी खड्डा हितकर होता, कारण धूर व तप्त हवा वर जाते. जड वायूसाठी तोच खड्डा हौद बनतो. म्हणून गॅसभट्टी सपाट, मोकळ्या जमिनीवरच मांडावी. पाच-सहा सेकंदांत ज्योत धरली नाही तर नॉब बंद करून किमान पाच मिनिटे थांबावे. पेटवताना काडी आधी व वायू नंतर हा क्रम ठेवावा. गळतीची शंका असल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी कधीही धरू नये. वास येण्यासाठी वायूत एथिल मर्कॅप्टन मिसळलेले असते. मात्र ज्याच्या नाकाला तो वास सवयीचा झाला आहे त्याला तो जाणवेनासा होतो, म्हणून नव्याने आलेल्या माणसाने वासाबद्दल केलेली तक्रार हसण्यावारी नेऊ नये. गळती आवरत नसल्यास १९०६ हा तातडीचा दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

गोबर गॅसचे वेगळेपण :

ज्या वाड्या-वस्त्यांवर गोबर गॅसची संयंत्रे चालू आहेत तेथे निदानाचा क्रम बदलतो. या वायूत साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन व उर्वरित बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो. त्यामुळे त्याची ज्योत सावकाश सरकते व लहानशा वाऱ्यानेही उचलली जाऊन विझते. लोखंडी टोपीच्या संयंत्रात दाब अवघा आठ-दहा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, तर घरगुती सिलिंडराच्या रेग्युलेटरातून येणाऱ्या वायूचा दाब सुमारे तीस सेंटिमीटर. साहजिकच सिलिंडरासाठी बनवलेली शेगडी गोबर गॅसवर लावल्यास बारीक नोझलमुळे ती पेटत नाही. त्यासाठी मोठ्या छिद्राची स्वतंत्र शेगडीच लागते.

या संयंत्रांतील नेहमीचा दोष मात्र शेगडीत नसून वाटेत असतो. वायू ओलसर असतो. रात्री पाइप थंड झाला की बाष्पाचे पाणी होऊन ते सखल जागी साचते. पाइपाला झोळ पडून तेथे दहा सेंटिमीटर उंचीचे पाणी भरले तर संयंत्राचा सगळा दाब ते पाणी तोलण्यातच खर्ची पडतो आणि टोपी वर उचललेली असूनही स्वयंपाकघरात वायू पोहोचत नाही. ज्योत लपकत असेल, पाइपात गुळगुळ आवाज येत असेल, तर पाणी साचू लागल्याची ती खूण समजावी. पाइप संयंत्राकडे उतरता ठेवणे किंवा सर्वांत खालच्या बिंदूशी पाणी काढण्याची तोटी बसवून ती आठवड्यातून एकदा उघडणे हा त्यावरील उपाय. तोटी उघडण्यापूर्वी जवळपासची चूल व दिवा विझवावा आणि पाणी संपून वायूचा फुसफुस आवाज येऊ लागताच ती घट्ट बंद करावी.